पहिलं एच मोटरचं रॉकेट: मजबुती किती हवी, आणि लक्ष नेमकं कुठे द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी चार इंच व्यासाचं किट आहे. कागदी ट्यूब, प्लायवुडचे तीन फिन (शेपटीचे पंख), 38 मिमीचं मोटर माउंट (मोटर धरणारी आतली नळी). आजवर डी आणि ई मोटरवरची छोटी रॉकेट्स उडवून झाली आहेत (अक्षर जितकं पुढचं तितकी मोटर मोठी), आता एच मोटरवर उडवून लेव्हल 1 चं, म्हणजे मोठ्या मोटरची रॉकेट्स उडवण्याचं पहिल्या पायरीचं, प्रमाणपत्र मिळवायचंय. विचारलंय ते असं: फिन उखडू नयेत म्हणून कुठली इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) वापरू, किती थर देऊ, वरून कार्बन फायबर चढवू का, आणि पुढे हेच रॉकेट आय मोटरवर चालेल का?

फिनची काळजी सोडून द्या. 6 मिमी प्लायवुडचा फिन ट्यूबच्या खाचेतून आत जाऊन थेट मोटर ट्यूबला टेकत असेल आणि तिथे नीट चिकटवलेला असेल, तर एच मोटर त्याला काही करू शकत नाही. या आकाराचं रॉकेट एच मोटरवर साधारण सेकंदाला 95 ते 100 मीटरचा वेग गाठतं. त्या वेगाला फिन फडफडून तुटण्याचा प्रश्नच येत नाही, तो ध्वनीच्या वेगाच्या आसपास येतो. लेव्हल 1 च्या उड्डाणात रॉकेट वर जाताना मोडलं असं क्वचितच घडतं. बिघडतं ते वर पोचल्यावर. पॅराशूट उशिरा उघडतं किंवा उघडतच नाही, नाक आणि धड जोडणारी दोरी ट्यूबला उभी चीर पाडत जाते, मोटरचं केसिंग (बाहेरचं नळकांडं) मागून निसटून पडतं. प्रमाणपत्र देणारी संस्था नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री असो की ट्रायपोली, दोन्हींचा निकष एकच आहे: उड्डाण स्थिर हवं, पॅराशूट उघडायला हवं, आणि रॉकेट परत उडवण्याजोग्या अवस्थेत हातात यायला हवं. केसिंग पडलं तर प्रमाणपत्र नाही, ट्यूब फाटली तरी नाही. म्हणून किट बांधताना प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारतो, याने परतीचा प्रवास सोपा होतो की अवघड?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. उड्डाणाची परवानगी कोण देतं, मोटर कोणाच्या नावावर मिळते, मैदान किती मोठं आहे, हे देशागणिक आणि क्लबागणिक बदलतं. एच मोटर म्हणजे 160 ते 320 न्यूटन-सेकंद आवेग (रेटा गुणिले वेळ). तिथून हाय पॉवरचा वर्ग सुरू होतो आणि रॉकेट विमानांच्या हद्दीत जाऊ शकतं, त्यामुळे क्लबच्या परवानगीच्या मैदानाबाहेर हे करायचंच नाही. मोटरही कारखान्यात बनलेली आणि प्रमाणित केलेलीच हवी. खाली दिलेले आकडे एका ठरावीक रॉकेटचे आहेत: लांबी सुमारे 1.3 मीटर, मोटरशिवाय वजन 1.4 किलो, मोटरसह 1.6 किलो. तुमचं रॉकेट वेगळं निघेल. आकडे तुमचे टाका, हिशेबाची रीत तीच ठेवा.

आधी जास्तीच्या मजबुतीची किंमत बघू, कारण तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं. समजा गुरुत्वमध्य नाकापासून 85 सेमीवर आहे आणि दाबमध्य (हवेचा एकत्रित जोर जिथे लागतो तो बिंदू) 100 सेमीवर. मधलं अंतर 15 सेमी, ट्यूबचा व्यास 10.2 सेमी, म्हणजे स्थिरतेचं माप जवळपास दीड कॅलिबर (एक कॅलिबर म्हणजे ट्यूबचा एक व्यास). हे छान आहे, 1 ते 2 च्या मध्येच असावं. आता फिनपाशी जादा इपॉक्सी आणि कापडाचे थर मिळून 200 ग्रॅम वाढवा. ते सगळं वजन शेपटीला, नाकापासून 125 सेमीवर. गुरुत्वमध्य साडेचार सेमी मागे सरकतो आणि दीडचं माप एकवर येतं. ते परत दीडवर न्यायचं तर नाकात आणखी 100 ग्रॅमच्या वर वजन भरावं लागतं. दोनशे ग्रॅमचे असे तीनशे झाले. उंची पन्नासेक मीटरने कमी झाली, हे एकवेळ चालेल. पण पॅराशूट तेच असेल तर उतरण्याचा वेग वाढतो आणि जमिनीवर आदळतानाची ऊर्जा वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1.5 किलोचं रॉकेट 1.8 किलोचं झालं की आदळणं 44 टक्क्यांनी जोरदार होतं. फिन वाचवायला लावलेला थर अशा रीतीने फिनच मोडायला मदत करतो. कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतं, त्यामुळे पुढे आत जीपीएस ट्रॅकर बसवायचा झाला तर तीही अडचण होते. या किटला ते नको.

मग इपॉक्सी किती? फिन आणि मोटर माउंट मिळून सगळी जोडणी 60 ते 80 ग्रॅममध्ये आटोपते. 30 मिनिटांत पकडणारी इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांची नुसती फिन जागेवर धरून ठेवायला वापरावी, भार सोसायला नाही. ती ठिसूळ असते, आणि घाईत नीट मिसळलीही जात नाही. दोन भाग वजनकाट्यावर मोजून घ्या, पण आधी उत्पादकाच्या कागदावर प्रमाण आकारमानाने दिलंय की वजनाने ते पाहा. नळ्या डोळ्यांनी सारख्या दाबण्याच्या सवयीमुळे बरेच सांधे कायमचे चिकट राहतात.

चिकटवण्यापेक्षा घासण्याला जास्त वेळ द्या. कागदी ट्यूबवर बाहेरून चकचकीत थर असतो. इपॉक्सी त्याच्यावर बसते, त्याच्यात मुरत नाही, आणि धक्का बसला की फिलेट (सांध्याच्या कोपऱ्यात भरलेली गोलसर पट्टी) त्या थरासकट सालीसारखी निघते. फिन जिथे बसणार तिथे दोन्ही बाजूंना 2 सेमीचा पट्टा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने मळका, केसाळ दिसेपर्यंत घासा. किट फायबरग्लासचं असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा, साच्याचं मेण त्यावर राहिलेलं असतं. मग ओला पेपर वापरून, चांगला मास्क लावून घासा. ती धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. मोटर ट्यूबवर पुढची आणि मधली सेंटरिंग रिंग (तिला मोठ्या ट्यूबच्या मधोमध धरणारी चकती) चिकटवा, पण सगळ्यात मागची आत्ता चिकटवू नका. तिला मास्किंग टेपची मूठ करून नुसती जागेवर बसवा, म्हणजे नंतर ओढून काढता येईल. पुढच्या रिंगला शॉक कॉर्डचा (नाक आणि धड जोडणाऱ्या दोरीचा) आधार याच वेळी बसवायचा: बंद डोळ्याचा आयबोल्ट किंवा यू-बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि नट, नटवर इपॉक्सीचा ठिपका. तार वाकवून केलेला उघड्या डोळ्याचा हुक चालत नाही, पॅराशूट उघडतानाच्या झटक्यात तो सरळ होतो. माउंट एकदा ट्यूबमध्ये गेलं की हात इथवर पोचणं अवघड, म्हणून बोल्ट बसवल्यावर रिंग पायाखाली धरून जोर लावून ओढून पाहा.

माउंट आत सरकवण्याआधी मोठ्या ट्यूबच्या आत, पुढची रिंग जिथे थांबणार नेमकं तिथे, लांब काठीने इपॉक्सीचा गोल पट्टा काढा. रिंग तो पुढे ढकलत जागेवर जाते आणि तिच्या पुढच्या कडेला आपोआप फिलेट तयार होते. मागच्या बाजूने पट्टा काढलात तर सगळी इपॉक्सी फिनच्या खाचांमध्ये जाईल. खाचा मोकळ्या आहेत ना ते लगेच बघा, आणि मोटर ट्यूबच्या आत थेंब गेला असेल तर ओला असतानाच पुसा. वाळलेला एक थेंब पुरे, मैदानावर मोटर अर्ध्यात अडकते.

फिन एकेक करून लावा, पुठ्ठ्याच्या कापलेल्या मार्गदर्शकात 120 अंशांवर. आधी मुळाशी थोडी इपॉक्सी लावून उभे राहू द्या. तिन्ही घट्ट झाले की मागची रिंग ओढून काढा आणि मागच्या तोंडातून आतल्या फिलेट भरा: प्रत्येक फिनच्या दोन बाजूंना मोटर ट्यूबशी, आणि दोन बाजूंना बाहेरच्या ट्यूबच्या आतल्या भिंतीशी. रॉकेट आडवं ठेवून एका वेळी वर तोंड असलेल्या दोनच सांध्यांमध्ये भरायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग फिरवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण रॉकेटची खरी ताकद इथेच आहे. हे झालं की बाहेरच्या फिलेट मुख्यतः आकारासाठी उरतात. 6 ते 8 मिमी त्रिज्येची, गोल काठीने ओढलेली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोटाने गुळगुळीत केलेली एक फिलेट पुरते.

आता मागची रिंग आणि मोटर रिटेनर, म्हणजे मोटरला मागे निसटू न देणारं झाकण. केसिंग नुसती टेप गुंडाळून घट्ट बसवण्याची पद्धत छोट्या रॉकेटला चालते, इथे मी ती वापरू देत नाही. इजेक्शन चार्ज (पॅराशूट बाहेर फेकणारी पावडर) पेटला की नोझ कोन (रॉकेटचं टोकदार नाक, पुढे नुसतं कोन) जेवढ्या जोराने पुढे ढकललं जातं तेवढ्याच जोराने मोटर मागे ढकलली जाते, आणि कोन थोडं घट्ट असेल तर आधी मोटरच जाते. आटे असलेला रिटेनर घ्या आणि जेबी वेल्डसारख्या उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीने लावा. आट्यांमध्ये इपॉक्सी जाऊ नये म्हणून तिथे टेप. मोटर 29 मिमीची असेल तर मधला अडॅप्टरसुद्धा याच रिटेनरने पकडला गेला पाहिजे. मोटर अडॅप्टरमध्ये पक्की पण अडॅप्टर रॉकेटमध्ये सैल, असं राहून जातं.

रेल बटनं (उड्डाणाच्या उभ्या रेलमध्ये सरकणारी) दोन. खालचं मागच्या रिंगच्या लाकडात, वरचं भरलेल्या रॉकेटच्या गुरुत्वमध्याच्या जरा मागे, आतून लाकडाचा तुकडा लावून. वरचं फार पुढे नेऊ नका. ते रेलबाहेर पडलं की रॉकेट फक्त खालच्या बटनावर टेकलेलं राहतं आणि वारा त्याला वळवू शकतो. म्हणून 1.8 मीटरच्या रेलवर कामाची लांबी 1.3 मीटरच धरा. 128 न्यूटन सरासरी रेटा आणि 1.6 किलो वजन असेल तर प्रवेग सुमारे 70 मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि त्या 1.3 मीटरनंतर वेग जेमतेम 13.5 मीटर प्रति सेकंद येतो. 2.4 मीटरच्या रेलवर तोच 16 च्या वर जातो. मी 15 ही खालची मर्यादा धरतो. कारण साधं आहे. 6 मीटरचा आडवा वारा असताना 15 ने निघालेल्या रॉकेटला हवा 22 अंश तिरकी लागते. त्याहून हळू निघालं तर तिरकेपणा आणखी वाढतो, दाबमध्य पुढे सरकतो आणि कागदावरचं दीड कॅलिबर हवेत तेवढं उरत नाही. रेटा आणि वजन यांचं गुणोत्तर किमान 5 हवं असं म्हणतात त्यामागे हेच आहे. इथे ते 8 आहे.

यानंतर खरा विषय, परतीचा. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

पॅराशूट वजनावरून ठरवा, किटच्या पाकिटावरच्या फोटोवरून नको. मोटर जळून गेल्यावर 1.5 किलो उरतं. साध्या सपाट पॅराशूटचा रोध गुणांक 0.75 धरला तर सेकंदाला 5.5 मीटरने उतरायला सुमारे 1.15 मीटर व्यास लागतो. 6 मीटर चालणार असेल तर 1.05. याहून मोठं घ्यायचा मोह होतो, तो आवरा. 300 मीटरवरून 5.5 च्या वेगाने उतरायला 55 सेकंद लागतात, आणि 5 मीटरच्या वाऱ्यात रॉकेट तेवढ्यात 270 मीटर वाहत जातं. जमीन मऊ असेल तर वेग थोडा जास्त ठेवून मैदानातच उतरवलेलं बरं.

शॉक कॉर्ड रॉकेटच्या लांबीच्या निदान तिप्पट, मी चौपट घेतो. म्हणजे इथे साधारण 5 मीटर. किटमधली दोरी आखूड असेल तर तिच्यावर पैसे खर्च करा, कार्बन फायबरवर नको. दोरी आखूड असली की कोन आणि धड वेगाने दूर जातात, दोरी एकदम ताणली जाते आणि ट्यूबच्या काठाला चिरत खाली येते. यालाच झिपर म्हणतात. बारीक केव्हलर तर सुरीसारखी कापते, म्हणून ट्यूबच्या काठाशी येणारा भाग रुंद नळीदार नायलॉनचा ठेवावा किंवा त्यावर आवरण घालावं. ट्यूबच्या वरच्या काठाला आतून 2 सेमी पातळ सुपरग्लू मुरू द्या. कडक झाल्यावर हलकं घासून घ्या, नाहीतर कोन अडकेल. दोरीच्या नागमोडी घड्या घालून दोन-तीन ठिकाणी मास्किंग टेपचा एकच वेढा द्या. उघडताना त्या टेपा एकामागून एक तुटतात आणि प्रत्येक टेप थोडा झटका खाऊन घेते. पॅराशूट दोरीच्या मध्यावर बांधू नका, कोनापासून एक तृतीयांश अंतरावर बांधा, म्हणजे कोन आणि धड वेगवेगळ्या पातळीवर लोंबतात आणि एकमेकांवर आपटत नाहीत.

आता एक बारीक छिद्र, जे बरेच जण विसरतात. पॅराशूटच्या कप्प्याच्या भिंतीला, वरच्या भागात, 3 मिमीचं. 300 मीटर उंचीवर बाहेरचा दाब सुमारे 3.5 किलोपास्कलने कमी झालेला असतो. आतली हवा जमिनीवरचीच राहिली तर 99 मिमी व्यासाच्या कोनाला ती 27 न्यूटनने बाहेर ढकलते. 300 ग्रॅमच्या कोनाचं स्वतःचं वजन 3 न्यूटन. त्यात मोटर विझली की हवेचा रोध हलक्या, रुंद फिनच्या धडाला मागे खेचतो आणि वजनदार कोन पुढे जाऊ पाहतं. कोन तेव्हाच सुटलं तर दोरी 90 मीटर प्रति सेकंदाच्या वेगात ताणली जाते, मग ती कितीही लांब असो. छिद्र पाडा आणि कडा घासून साफ करा.

कोन किती घट्ट बसवायचं याची कसोटी अशी: मोटरसकट भरलेलं रॉकेट कोनाला धरून उचला. ते आपल्या वजनाने सुटू नये, पण हिसका दिला की सुटावं. सैल असेल तर खांद्यावर टेपचा एकेक वेढा वाढवा, घट्ट असेल तर घासा. ही कसोटी घरी करून भागत नाही. दमट हवेत कागदी ट्यूब फुगते आणि काल बरोबर बसणारं कोन आज जाम होतं. रेलवर नेण्याआधी मैदानावर पुन्हा करा.

इजेक्शन चार्जचंही मोजमाप करा. 99 मिमी आतला व्यास आणि 45 सेमी मोकळी लांबी असलेल्या कप्प्यात सुमारे 70 किलोपास्कल दाब आणायला 1 ग्रॅमच्या जरा वर काळी पावडर लागते. त्या दाबाला कोनावर 500 न्यूटनच्या वर जोर येतो, जो भरपूर आहे. मोटरसोबत येणारी पुडी किती ग्रॅमची आहे ते तिच्या कागदावर वाचा आणि ताडून पाहा. कप्पा फार लांब असेल तर पावडर वाढवत बसण्यापेक्षा मधे भिंत घालून मोकळी जागा कमी करणं मला जास्त पटतं. पॅराशूटला चार्जच्या बाजूने 45 सेमी चौरस, आग सोसणाऱ्या नोमेक्सच्या फडक्याने झाका. फडकं पूर्ण गुंडाळून पुरचुंडी करायची नाही, नाहीतर बाहेर आल्यावरही ते उघडत नाही. भरून झालं की ट्यूब उलटी धरा: पॅराशूट आपोआप घसरून बाहेर आलं पाहिजे. बोटाने ओढावं लागलं तर घडी बारीक करा.

आता डिले, म्हणजे मोटर विझल्यापासून इजेक्शन चार्ज पेटेपर्यंतचा वेळ. सुरुवात करणाऱ्यांची सगळ्यात जास्त उड्डाणं यातच बिघडतात. समजा मोटरवर एच128डब्ल्यू-14ए लिहिलंय. एच हा आवेगाचा वर्ग, 128 म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये, डब्ल्यू हा इंधनाचा प्रकार, 14 म्हणजे डिले सेकंदांत, आणि ए म्हणजे तो कमी करता येतो. हे 14 सेकंद मोटर जळून संपल्यापासून मोजायचे असतात, उड्डाणापासून नाही. या रॉकेटला मोटर विझल्यानंतर सर्वोच्च बिंदू गाठायला सुमारे साडेसहा सेकंद लागतात. डिले तसाच 14 ठेवला तर रॉकेट सात-साडेसात सेकंद खाली पडत राहील, म्हणजे 300 मीटरपैकी बहुतेक उंची संपलेली असेल आणि पॅराशूट उघडलंच तर फाटण्याच्या वेगाला उघडेल. डिलेच्या दाण्याला (हळू जळणाऱ्या मसाल्याच्या तुकड्याला) ड्रिलिंग टूलने छिद्र पाडून तो कमी करतात, साधारण 2 सेकंदांच्या टप्प्यांनी. इथे 8 काढून 6 ठेवायचा.

साडेसहा हा आकडा आणायचा कुठून? ओपनरॉकेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पण त्यात किटची फाइल उघडून आलेला आकडा घेऊ नका. रंग, इपॉक्सी, दोरी, पॅराशूट, सगळं धरून तयार रॉकेट काट्यावर ठेवा. मोटरसह भरलेलं रॉकेट दोरीवर तोलून गुरुत्वमध्य शोधा, आणि हे मोजलेले आकडे सॉफ्टवेअरमध्ये हाताने टाका. दाबमध्य त्याने काढलेला चालतो. मग ते सांगेल तो योग्य डिले घ्या. डिलेचा दाणा स्वतःही एक-दीड सेकंद इकडेतिकडे जळतो, म्हणून दशांशात अडकू नका. एक सेकंद चुकला तर सुमारे 10 मीटर प्रति सेकंदाचा वेग येतो, तो चांगली दोरी सोसते. तीन सेकंद चुकले की 30 च्या जवळ, आणि तिथून झिपर सुरू होतात.

रीलोड मोटर (जिच्या केसिंगमध्ये दर वेळी नवं इंधन भरतात ती) जोडताना मोटरचा कागद समोर उघडा ठेवा, पाठ असला तरी. ओ-रिंगला (वायू अडवणाऱ्या रबरी वळ्याला) ग्रीसचा पातळ थर, इतकाच की ती चमकेल. डिलेच्या दाण्याला आणि इंधनाला ग्रीस लागू देऊ नका. प्रत्येक ओ-रिंग बसवण्याआधी बोटांत फिरवून बघा: चीर, केस, वाळूचा कण. डिलेजवळची छोटी ओ-रिंग वाकडी बसली किंवा राहून गेली तर गरम वायू तिच्या बाजूने पुढे जातो आणि इजेक्शन चार्ज रेलवरच पेटतो. क्लोजर (केसिंगच्या टोकांची झाकणं) हाताने घट्ट करा. हे काम गप्पा मारत करायचं नाही. प्रमाणपत्रासाठी जे अनुभवी गृहस्थ किंवा बाई तुमच्यावर लक्ष ठेवणार असतील त्यांना शेजारी बसवा, पण हात तुमचेच चालू द्या.

इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची काडी) मोटरमध्ये घालायचा तो रॉकेट रेलवर उभं राहिल्यावरच. टोक इंधनाच्या अगदी वरच्या टोकाला टेकलं पाहिजे. म्हणून जोडणीच्या वेळीच काठी आत घालून खोली मोजा आणि इग्नायटरच्या तारेवर टेपने खूण करा. टोक मधेच राहिलं तर मोटर धापा टाकत पेटते, दाब हळूहळू चढतो आणि रॉकेट रेलवरून हवं त्याहून हळू निघतं. लाँचरच्या तारा इग्नायटरला जोडण्याआधी त्यांची टोकं एकमेकांना टेकवून ठिणगी येत नाही ना ते बघा. एच आणि आय मोटरला माणसांचं अंतर किमान 30 मीटर. रेल उभ्यापासून 20 अंशांच्या आत. वारा ताशी 32 किलोमीटरच्या वर असेल तर उड्डाण नाही. पहिल्या उड्डाणाला मी निम्म्याच वाऱ्याचा दिवस निवडायला सांगतो. बटन दाबूनही पेटली नाही तर लाँचरची सुरक्षा किल्ली काढा आणि निदान एक मिनिट कोणीही जवळ जायचं नाही.

उतरल्यावर रॉकेटला हात लावण्याआधी फोटो घ्या, दोरी कशी पडली आहे ते त्यात दिसतं. मग ट्यूबचा काठ, नोमेक्स, आयबोल्टचा नट आणि फिनच्या मुळाशी केसासारखी रेघ आहे का, एवढं तपासा.

आणि आय मोटर? हो, हे किट ती सोसेल, पण तेच रॉकेट समजून उडवू नका. 400 न्यूटन-सेकंदांची 38 मिमी मोटर सुमारे 600 ग्रॅमची असते, म्हणजे एच पेक्षा 400 ग्रॅम जास्त वजन शेपटीला. गुरुत्वमध्य साडेसहा सेमी मागे जातो आणि स्थिरता 0.8 कॅलिबरवर येते. नाकाच्या टोकात 50 ग्रॅम भरल्यावर ती कशीबशी 1 च्या वर जाते, मी 100 भरेन. उंची साडेसहाशे-सातशे मीटर, डिले 9 सेकंदांच्या आसपास, आणि त्याच पॅराशूटने उतरायला दोन मिनिटं. 5 मीटरच्या वाऱ्यात 600 मीटर वाहणं आलं. मैदान तेवढं नसेल तर आधी मैदान शोधा. नाकातलं वजन इपॉक्सीत ओतून आडव्या खिळ्याने अडकवा. नुसतं चिकटवलेलं वजन इजेक्शनच्या झटक्यात सुटतं, कारण प्लास्टिकच्या कोनाला आतून इपॉक्सी धरत नाही.